ओल्ड स्कूल रूनस्केप: नव्यानं खेळणाऱ्यांचे पैसा आणि लढाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हा खेळ मोबाइलवर खेळणारे वाढले, तसे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले. राजारामपुरीत क्लासला येणारी पोरं विचारतात, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारेही विचारतात, आणि दोन-तीन आयांनीही विचारलंय. ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथं ठेवलेत. सुरुवातीचे अगदी साधे आहेत आणि पुढं जाल तसे अडचणीचे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडं परत लिहिलेली नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अर्ध्या प्रश्नांच्या मुळाशी तीच असते. नव्या माणसाला वाटतं की आपल्याला पैसे मिळत नाहीत. बहुतेक वेळा पैसे मिळत असतात, पण ते चुकीच्या लढाईत, नको त्या आर्मरवर (चिलखतावर) किंवा एखाद्या ठगाच्या खिशात जात असतात. म्हणून इथं पैसा आणि लढाई हे दोन्ही विषय एकत्र घेतलेत.

१. हा खेळ नक्की कुठला? फुकट आहे का, मोबाइलवर चालतो का?

ओल्ड स्कूल रूनस्केप. मूळ रूनस्केप २००१ साली आला. इंग्लंडमधल्या केंब्रिजची जगेक्स कंपनी तो चालवते. जुन्या खेळाडूंच्या मागणीवरून २००७ सालची आवृत्ती २०१३ मध्ये वेगळा खेळ म्हणून परत सुरू झाली, तीच ही. २०१८ पासून तो अँड्रॉइडवर आणि आयफोनवर आहे. कॉम्प्युटरवरचं आणि मोबाइलवरचं अकाउंट एकच असतं.

फुकट खेळता येतो. पैसे भरून मेंबर झालात की नकाशा आणि स्किल वाढतात. खालची सगळी उत्तरं फुकट खेळणाऱ्याला धरून आहेत. मेंबरशिपचं १९ व्या प्रश्नात बघा.

२. ट्यूटोरियल बेट संपलं, लम्ब्रिजला आलो. पहिल्या तासात काय करू?

लांब जाऊ नका. लम्ब्रिजच्या किल्ल्यात वरच्या मजल्यावर बँक आहे, तिची वाट आधी पाठ करा. खाली स्वयंपाकघरात आचारी भेटेल. त्याला अंडं, दूध आणि पीठ आणून दिलं की कुक्स असिस्टंट हे क्वेस्ट (खेळानं दिलेली कामगिरी) पूर्ण होतं. तिन्ही वस्तू जवळपासच मिळतात.

मग नदीपलीकडच्या शेतात कोंबड्या मारा. कोंबडीचे हिटपॉइंट (म्हणजे जीव) फक्त ३ असतात, ती तुम्हाला फारसं काही करू शकत नाही. पडलेली पिसं उचला आणि हाडं पुरा. हाडं पुरली की प्रेयर हे स्किल वाढतं, त्याचा उपयोग १५ व्या प्रश्नात आहे.

३. अटॅक, स्ट्रेंथ, डिफेन्स यातलं आधी काय वाढवायचं?

तिघांची कामं नीट समजली की उत्तर आपोआप मिळतं. अटॅकमुळं तुमचा वार लागायची शक्यता वाढते. स्ट्रेंथमुळं एका वारात जास्तीत जास्त किती नुकसान होईल ते ठरतं. डिफेन्समुळं समोरच्याचा वार चुकायची शक्यता वाढते. पण लागलेल्या वाराचा जोर डिफेन्सनं कमी होत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

लढाईच्या टॅबमध्ये चार पर्याय दिसतात. ज्या पर्यायावर लढाल त्याचा अनुभव वाढतो. एका नुकसानाला ४ एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात, आणि हिटपॉइंटचे वेगळे थोडे मिळतात. माझा सल्ला: अटॅक आणि स्ट्रेंथ जोडीनं न्या, डिफेन्स दहा-एक लेव्हल मागं राहिला तरी चालेल. काही जण नुसता डिफेन्स वाढवत बसतात. त्यांना मार कमी लागतो, पण एक गाय मारायला इतका वेळ जातो की तासाची कमाई काहीच उरत नाही.

व्हॅम्पायर स्लेअर हे क्वेस्ट ४,८२५ अटॅक एक्सपी देतं. अटॅक १ असताना ते केलं तर सरळ २० होतं. मात्र त्यातला काउंट ड्रेनॉर ३४ लेव्हलचा आहे. थोडी स्ट्रेंथ, लसूण आणि बॅगभर खाणं असल्याशिवाय त्याच्यासमोर जाऊ नका.

४. कुठलं शस्त्र घेऊ? रून आर्मर घ्यायला पैसे साठवतोय, बरोबर करतोय ना?

शस्त्रात स्किमिटर (वाकडी तलवार) घ्या. ती २.४ सेकंदाला एक वार करते, लाँगस्वोर्डला ३ सेकंद लागतात आणि दोन हातांच्या तलवारीला ४.२. मोठ्या तलवारीचा आकडा बघून पोरं भुलतात, पण कमी हिटपॉइंटच्या शत्रूवर तो मोठा वार निम्मा वाया जातो.

कांस्य आणि लोखंड पहिल्या लेव्हलपासून चालतं, स्टील ५ ला, मिथ्रिल २० ला, अ‍ॅडमंट ३० ला आणि रून ४० ला. अल खरीद शहरात झीकच्या दुकानात मिथ्रिलपर्यंतच्या स्किमिटर मिळतात.

रून आर्मरसाठी आत्ता पैसे अडकवू नका. एक तर डिफेन्स ४० लागतो. शिवाय रून प्लेटबॉडी घालायला ड्रॅगन स्लेअर क्वेस्ट पूर्ण लागतं, आणि त्यालाच ३२ क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट केल्यावर मिळणारे गुण) लागतात. बँकेत पडलेल्या आर्मरनं कमाई वाढत नाही. आधी शस्त्र चांगलं करा. आर्मर मिळेल तसं घ्या.

५. तलवार, धनुष्य की जादू?

तलवारवाला धनुष्यवाल्याला भारी, धनुष्यवाला जादूवाल्याला भारी, आणि जादूवाला तलवारवाल्याला भारी. कारण आर्मरमध्ये आहे. लोखंडी आर्मर जादूपुढं टिकत नाही, आणि ते घालून तुमची स्वतःची जादूही चुकते.

सुरुवात तलवारीनं करा, कारण तिला दर वाराला खर्च नाही. बाण मोडतात आणि रून (इथं जादूला लागणारे छोटे दगड, धातू नव्हे) संपतात. धनुष्य वापरत असाल तर जमिनीवर पडलेले बाण उचलायची सवय लावा, बरेचसे परत मिळतात. जादूवाल्यांनी स्टाफ ऑफ एअर आधी घ्यावा, तो हातात असेपर्यंत एअर रून लागत नाहीत. मॅजिक १३ ला फायर स्ट्राइक येतो. त्याचा मोठ्यात मोठा वार ८ चा आहे, तेवढ्या लेव्हलला तो बख्खळ आहे.

६. खिशात शंभर नाणीही नाहीत. पैसे कुठून आणू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, पिसं. बॅगेत २८ खाने असतात. हाडं, कातडी, मांस यांना एका नगाला एक खाना लागतो. पिसं मात्र शेकड्यानं एकाच खान्यात बसतात. म्हणून कोंबड्या मारताना बँकेत जायची गरजच पडत नाही. यातली थोडी विका आणि थोडी ठेवा. फिशिंग २० झालं की बार्बेरियन व्हिलेजजवळच्या नदीत फ्लाय रॉडनं ट्राउट मिळतात, ३० ला सालमन, आणि दोन्हींना आमिष म्हणून पिसंच लागतात. म्हणजे कोंबड्यांच्या पिसांवर तुमचं लढाईतलं खाणं निघतं. नवा माणूस सगळी पिसं विकून टाकतो आणि मग तेच मासे बाजारातून विकत घेतो. तसं करू नका.

दुसरी, गायीचं कातडं. लम्ब्रिजच्या ईशान्येला गायींचं कुरण आहे. गाय २ लेव्हलची, हिटपॉइंट ८. प्रत्येक गाय कातडं टाकते. बरेच जण तिथं फक्त एक्सपीसाठी येतात आणि कातडी तशीच सोडून जातात. ती थोड्या वेळानं सगळ्यांना दिसायला लागतात, ती बिनधास्त उचला. आधी लम्ब्रिजच्या बँकेत मोठा साठा करा. मग अल खरीदला जा. तिथला चर्मकार एका कातड्याचं मऊ लेदर १ नाण्यात करून देतो, कडक लेदर ३ नाण्यांत. नाणी एक खाना अडवतात, त्यामुळं एका खेपेला २७ कातडी बसतात. बँक आणि त्याचं दुकान जवळ आहे, खेपा पटापट होतात. पण कमावण्याआधी दोन्हींचा भाव बघून घ्या. काही दिवशी कच्च्या कातड्यालाच इतका भाव असतो की कमावण्यात काही अर्थ नसतो. आपल्या गावात चामड्याचं काम बघत वाढलेल्या पोरांना हा हिशेब लगेच कळतो.

तिसरी, मासे. फिशिंग ४० ला लॉब्स्टर, ते कारामजा बेटावर मिळतात. पोर्ट सारिम बंदरातून तिथं जायला जहाजाचं भाडं ३० नाणी आहे, जाताना ३० आणि येतानाही ३०. जायच्या आधी परतीचे पैसे खिशात आहेत का बघा. पोर्ट सारिमला उतरलात की डिपॉझिट बॉक्स आहे, मासे तिथंच टाकता येतात.

रून एसेन्स खणणं, माती खणणं हेही आहे. पैसे कमी, पण मरायची भीती नाही. एसटीत बसून करायला चांगलं.

हिशेब नेहमी तासाचा करा. एका नगाला किती मिळाले यापेक्षा तासाला किती नग बँकेत पोचले ते महत्त्वाचं. बँकेपासून लांबची महाग वस्तू बऱ्याचदा बँकेजवळच्या स्वस्त वस्तूपुढं हरते.

७. ग्रँड एक्सचेंजवर भाव कसा ठरतो? मी लावलेला माल विकलाच जात नाही.

ग्रँड एक्सचेंज म्हणजे खेळाडूंचा बाजार, तो वॅरॉक शहराच्या वायव्येला आहे. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितला असेल तर हे समजायला सोपं जाईल. रवे घेऊन आलेला शेतकरी मनात काहीही दर धरून आला, तरी भाव ठरतो त्या दिवशी बोली लावणाऱ्यांवर. इथंही पडद्यावर दिसतो तो नुसता अंदाजाचा भाव. खरा भाव समोर खरेदीदार किती देतोय त्यावर ठरतो.

माल अडकला असेल तर भाव थोडा खाली आणा. खरेदीदारानं तुमच्यापेक्षा जास्त दर लावलेला असेल तर तुम्हाला त्याचाच जास्त दर मिळतो. पण म्हणून अगदी १ नाण्याला सगळा माल लावू नका. कमी दराची बोली लावून बसलेलेही असतात. आधी एकच नग स्वस्तात विकून काय मिळतं ते बघा, मग बाकीचा लावा.

विकणाऱ्याकडून २ टक्के कर कापला जातो. ५० नाण्यांच्या आतल्या वस्तूंना तो लागत नाही, म्हणून पिसं विकताना काळजी नाही. फुकट खेळणाऱ्याला एका वेळी ३ सौदे लावता येतात, मेंबरला ८. खरेदीलाही मर्यादा आहे: एक वस्तू चार तासांत ठरावीक नगांपेक्षा जास्त घेता येत नाही.

जनरल स्टोअरला माल विकू नका. तिथं भाव फारच पडतो.

८. काही वस्तू विकायला लावल्या तर खेळ नाही म्हणतो. अकाउंट खराब झालंय का?

नाही. बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) रोखण्यासाठी नव्या फुकट अकाउंटवर काही बंधनं असतात. २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि सगळ्या स्किलची मिळून १०० लेव्हल, या तिन्ही गोष्टी झाल्या की ती निघतात. १० पॉइंटसाठी जवळचा रस्ता म्हणजे रोमिओ अँड ज्युलिएट आणि गॉब्लिन डिप्लोमसी, दोन्हींचे ५-५ मिळतात. तोवर माल बँकेत साठवा.

९. समोरचा शत्रू माझ्या ताकदीचा आहे हे कसं ओळखायचं?

त्याच्यावर बोट दाबून धरलं की नावापुढं लेव्हल दिसते. हिरवी म्हणजे तुमच्यापेक्षा खालचा, लाल म्हणजे वरचा. पण रंगावर सगळं सोडू नका. त्याचा एक वार किती मोठा आहे आणि तो एकटा आहे की टोळीत, हे बघा. अल खरीदच्या राजवाड्यातले पहारेकरी ९ लेव्हलचे आहेत. एकट्याला गाठलं तर सोपे, पण एकावर हात टाकला की शेजारचे धावून येतात.

आपणहून अंगावर येणाऱ्या शत्रूंचा एक नियम आहे. तुमची लढाईची लेव्हल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त झाली की तो वाटेला जात नाही. अल खरीदच्या खाणीतले विंचू १४ लेव्हलचे आहेत, म्हणजे तुम्ही २९ झालात की ते गप्प. शिवाय एकाच भागात साधारण दहा मिनिटं राहिलात तरी बरेच शत्रू अंगावर यायचे थांबतात. वाइल्डरनेसमध्ये (उत्तरेचा धोक्याचा भाग, १६ वा प्रश्न) दुपटीचा हा नियम चालत नाही.

१०. वॅरॉकला चालत जाताना दरवेळी मरतो. कोण मारतं?

काळे जादूगार. वॅरॉकच्या दक्षिणेला दगडांचं वर्तुळ आहे, तिथं ते उभे असतात, काही ७ लेव्हलचे आणि काही २० चे. लोखंडी आर्मर घालून जाणाऱ्याला त्यांची जादू जास्तच लागते (५ वा प्रश्न). वर्तुळापासून चांगलं अंतर राखून पूर्वेकडून वळसा घाला. चुकून सापडलात तर लढत बसू नका, शहराच्या दरवाजाकडं पळत सुटा.

११. लढायला जाताना खाणं किती न्यायचं? सगळा पैसा खाण्यातच जातो.

ट्राउटनं ७ हिटपॉइंट भरतात, सालमननं ९, ट्यूनानं १०, लॉब्स्टरनं १२, स्वोर्डफिशनं १४.

पैसा जातो तो खाण्याच्या वेळेमुळं. समजा तुमचे ५ हिटपॉइंट कमी झालेत आणि तुम्ही घाबरून लॉब्स्टर खाल्ला. ७ वाया गेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त मासा फेकून दिला. शत्रूचा मोठ्यात मोठा वार किती आहे ते माहीत करून घ्या. त्याच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त हिटपॉइंट उरेपर्यंत थांबा आणि मग खा. हिल जायंटसारख्या (१३ वा प्रश्न) ४ च्या वाराच्या शत्रूसमोर १० हिटपॉइंटपर्यंत निवांत राहता येतं. प्रत्येक घासाला तुमचा पुढचा वारही लांबतो, तेही लक्षात ठेवा.

मग खेपेचा हिशेब करा. समजा एका खेपेत १० मासे खाल्ले आणि एक मासा १०० नाण्यांचा. १,००० गेले. लूट १,४०० ची आली तर खरी कमाई ४०० ची, आणि वेळ गेला तो वेगळाच. त्याच वेळात गायींच्या कुरणातून जास्त सुटत असेल, तर तुम्ही त्या शत्रूसाठी अजून तयार नाही. एक्सपीसाठी लढायचं असेल तर खुशाल लढा, फक्त त्याला कमाई समजू नका.

१२. मेलो तर सगळं जातं का?

वाइल्डरनेसबाहेर मेलात तर सगळ्यात महाग ३ वस्तू तुमच्याजवळ राहतात. बाकीच्या मेलात त्या जागी थडग्यात १५ मिनिटं असतात. तेवढ्यात जाऊन उचला. वेळ गेली तर मृत्यूच्या कचेरीतून पैसे भरून सोडवाव्या लागतात.

घाईनं रिकाम्या हातानं परत पळू नका. ज्यानं मारलं तो तिथंच उभा असतो. बँकेतून थोडं खाणं घ्या, वस्तू उचला आणि तसेच बाहेर पडा.

१३. दादा, गायींचा कंटाळा आला. पुढं काय?

हिल जायंट. एजविलच्या तळघरात असतात. लेव्हल २८, हिटपॉइंट ३५, मोठ्यात मोठा वार ४. त्यांची मोठी हाडं पुरली की १५ प्रेयर एक्सपी मिळतात, साध्या हाडांना ४.५ च मिळतात. लिम्पवर्ट रूट पडलं तर सोडू नका, त्याला गिऱ्हाईक असतं.

अटॅक आणि स्ट्रेंथ ३० च्या आसपास आणि डिफेन्स २० असल्यावर जा. ग्रँड एक्सचेंजच्या पश्चिमेच्या खोपटातून शिडी आहे, तिला ब्रास की लागते. ती विकत मिळते. किल्ली नसली तर एजविलच्या बाजूनं उतरता येतं, पण मग आत बरंच चालावं लागतं.

एक सावधगिरी: याच तळघराचा उत्तरेचा भाग वाइल्डरनेसमध्ये येतो. फाटकापलीकडं जाऊ नका (१६ वा प्रश्न).

१४. दगडाआड उभं राहून बाण मारतो, त्याला माझ्यापर्यंत येता येत नाही. ही चीटिंग आहे का?

नाही, त्याला सेफस्पॉट म्हणतात आणि तो नियमात बसतो. फक्त हातानं मारणाऱ्या शत्रूवर चालतो. समोरचा जादू करणारा किंवा बाण मारणारा असेल तर दगड काही वाचवत नाही. मधूनच लूट उचलायला बाहेर पडता तेव्हा मार लागतो, तेवढं खाणं बरोबर ठेवा.

१५. प्रेयरचा खरंच उपयोग होतो का?

होतो. ३७ ला जादूपासून, ४० ला बाणांपासून आणि ४३ ला हातघाईच्या वारांपासून संरक्षण मिळतं. ४३ चं चालू असताना साध्या शत्रूंचे वार लागतच नाहीत. ते संपत जातं, पण चर्चमधल्या वेदीपाशी फुकट भरता येतं. म्हणून हाडं पुरा. रेस्टलेस घोस्ट क्वेस्ट सुरुवातीलाच केलं तर प्रेयर १ वरून ९ होतं.

१६. वाइल्डरनेसमध्ये लै पैसा आहे म्हणतात. जाऊ का?

जायला मनाई नाही, पण काय न्यायचं ते ठरवून जा. एजविलच्या उत्तरेला खंदक आहे, तो ओलांडला की दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. कोण मारू शकतो ते लेव्हलच्या फरकावर ठरतं. वाइल्डरनेसलाही लेव्हल असते, उत्तरेला जाल तशी ती वाढते. तुम्ही तिच्या १० व्या लेव्हलवर असाल तर तुमच्यापेक्षा १० नं वर किंवा खाली असलेला कुणीही. २० च्या पुढं बहुतेक टेलिपोर्टही (जादूनं एकदम दुसरीकडं जाणं) चालत नाहीत.

तिथं मेलात तर ३ वस्तू राहतात आणि बाकीच्या मारणाऱ्याला जातात. तुम्ही आधी दुसऱ्यावर वार केला तर डोक्यावर कवटी येते आणि तिन्हीही जातात. प्रेयर २५ चं प्रोटेक्ट आयटम एक वस्तू वाचवतं. माझं मत: गमावली तरी वाईट वाटणार नाही तेवढंच अंगावर ठेवा.

आणि कुणी नवा दोस्त म्हणाला, "चल भावा, वर एक भारी जागा दाखवतो," तर जाऊ नका. मारेकरी वर आधीच उभे असतात.

१७. एक जण म्हणतो माझे पैसे दुप्पट करून देतो. खरं असतं का?

नाही. एकदाही नाही. पहिल्यांदा थोडे देऊन दुप्पट परत करतात ते मोठी रक्कम यावी म्हणून. हेच चिलखताला फुकट नक्षी करून देतो म्हणणाऱ्यांचं. तशी नक्षी कुणी खेळाडू करूच शकत नाही.

नाण्यांच्या आकड्याचा रंग ओळखायला शिका. एक लाखाच्या आत पिवळा, त्यावर पांढरा, एक कोटीच्या वर हिरवा. देवाणघेवाणीची दुसरी खिडकी येते तेव्हा थांबून पुन्हा वाचा, पहिल्या खिडकीत दाखवलेली वस्तू शेवटच्या क्षणी बदलतात.

खेळाच्या नावाची नकली लिंक आली तर पासवर्ड टाकू नका. अकाउंटला दोन टप्प्यांची पडताळणी आणि बँकेला चार आकडी पिन आजच लावा. या दोन गोष्टी केल्या असत्या तर माझ्याकडं आलेल्या निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या.

१८. गेममधली नाणी रुपयांत विकता येतात का? एक जण यूपीआयवर पैसे द्यायला तयार आहे.

जगेक्सच्या नियमात ते बसत नाही. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचंही अकाउंट बंद होऊ शकतं. शिवाय आधी नाणी घेऊन पैसे न पाठवणारे भरपूर आहेत, आणि तक्रार करायला कुठं जागाही नाही, कारण व्यवहारच नियमाबाहेरचा. नाण्यांची पैज लावायची ड्यूएल अरिना सुद्धा जगेक्सनं २०२२ मध्ये बंद केली. यातून महिन्याचा खर्च निघेल अशी आशा धरून कुणी नोकरीतली किंवा अभ्यासातली वेळ घालवू नये, हे मी मनापासून सांगतो.

१९. मेंबरशिप कधी घ्यावी? बाँड म्हणजे काय?

बाँड ही खेळातलीच वस्तू. कुणीतरी खरे पैसे देऊन ती घेतो आणि ग्रँड एक्सचेंजवर विकतो, दुसरा खेळातली नाणी देऊन ती घेतो आणि १४ दिवस मेंबर होतो. हा अधिकृत मार्ग आहे. पण बाँडला भरमसाट नाणी लागतात. नव्या माणसानं फुकट भागात तेवढी जमवत बसणं म्हणजे कष्ट फार. १४ दिवसांत ती परत कमवता येतील अशी लेव्हल नसेल तर थांबा.

मेंबर झालात की पहिलं काम वॉटरफॉल क्वेस्ट. अटॅक आणि स्ट्रेंथ दोन्ही १ वरून थेट ३० होतात. आत मोठे शत्रू आहेत, पण त्यांना मारावं लागत नाही, चुकवून पळता येतं.

२०. लढताना नेट गेलं आणि मेलो. काय करायचं?

नेट गेलं तरी कॅरेक्टर लगेच गायब होत नाही, थोडा वेळ तिथंच मार खात उभं राहतं. म्हणून गगनबावड्याच्या घाटातून जाताना जायंटशी भिडू नका, तेव्हा मासे पकडा किंवा झाडं तोडा. लढाई घरच्या वायफायवर. वर्ल्डच्या (सर्व्हरच्या) यादीत देशाचे झेंडे दिसतात, दोन-चार बदलून जिथं वार अडखळत नाही तो निवडा. थडगं कसं गाठायचं ते १२ मध्ये आहे.

२१. आम्ही दोघं भाऊ एकच अकाउंट आळीपाळीनं खेळतो. आणि ऑटो क्लिकर लावला तर चालतो का?

दोन्ही नियमाबाहेर. अकाउंट एकाचंच असतं. दोन वेगळी फुकट अकाउंट काढा, एकाच फोनवर आळीपाळीनं चालतात. ऑटो क्लिकर पकडला जातो आणि महिन्यांची मेहनत एका दिवसात जाते.

२२. माझा मुलगा म्हणतो त्याच्याकडं दोन लाख आहेत. हे जुगारासारखं काही आहे का? (एका आईचा प्रश्न)

ताई, ती खेळातली नाणी आहेत, रुपये नाहीत. यात पैसे लावून पैसे जिंकायचा प्रकार नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. तुम्ही तीन गोष्टी बघा: फोनला तुमचं कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं आहे का, तो खेळात अनोळखी लोकांशी काय बोलतो, आणि रात्री किती वाजेपर्यंत खेळतो. त्याला १७ आणि १८ वा प्रश्न वाचायला लावा. आणि एकदा शेजारी बसून तो काय करतो ते बघा, पोरं हौसेनं दाखवतात.

२३. मी आयर्न मॅन घेतलाय. वरचं सगळं मला लागू होतं का?

लढाईचं सगळं होतं, पैशाचं बरंचसं नाही. आयर्न मॅन म्हणजे सगळं स्वतःच मिळवायचं असं अकाउंट. त्याला ग्रँड एक्सचेंज नाही, दुसऱ्याशी देवाणघेवाण नाही, आणि दुसऱ्यानं टाकलेला मालही उचलता येत नाही. म्हणून ७ आणि ८ सोडून द्या. गायींच्या कुरणात लोकांनी सोडलेली कातडी तुमच्या कामाची नाहीत, स्वतः मारलेल्या गायीचीच मिळतील. ती विकण्यापेक्षा लेदर करून क्राफ्टिंग वाढवा. पिसांचा आणि माशांचा मार्ग मात्र तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागेल, कारण खाणं दुसऱ्या खेळाडूंकडून विकत घेता येणार नाही. पहिलाच खेळ असेल तर आयर्न मॅन घेऊ नका. एकदा साधं अकाउंट हिल जायंटपर्यंत न्या, मग हवं तर घ्या.